जेसीबी नावाचा माणूस



गेल्या उन्हाळ्यात आपली सहल ऑल्टन टॉवर्सला गेली होती, ती आठवते ना? पुरी-भाजीचे डबे, चिवड्याच्या पिशव्या, मागच्या सीटवर अंताक्षरी, सगळे नेहमीप्रमाणे. ऑल्टन टॉवर्स यायला दहा-पंधरा मिनिटे उरली असताना बस एका गावाजवळून गेली आणि मुलांनी एकच गलका केला. रस्त्याच्या कडेला तळे, तळ्यात बदके, आणि पलीकडे एक लांबलचक कारखाना. त्याच्यासमोर पिवळीधमक यंत्रे रांगेत उभी होती.

सोलापूर जिल्ह्यातून मुलाकडे आलेले एक आजोबा आमच्या शेजारी बसले होते. आपल्याकडचा जेसीबी इथे विलायतेत कसा काय पोचला, असे त्यांनी अगदी निरागसपणे विचारले. त्यांच्या गावात विहीर उकरायला जेसीबी, ओढ्यातला गाळ काढायला जेसीबी, आणि निवडणूक जिंकलेल्या उमेदवारावर गुलाल उधळायलाही जेसीबीच! तेव्हा तो मूळचा आपलाच, असे त्यांना वाटले तर त्यात नवल काय? आम्ही मोठ्या रुबाबात त्यांना सांगितले की उलट आहे, तो इथूनच तिकडे गेला. त्यावर त्यांनी पुढचा प्रश्न टाकला, जेसीबी म्हणजे काय? आणि पंचाण्णव टक्के इंजिनिअर असलेली आमची बस गप्प झाली. कोणी म्हणाले जे म्हणजे जॉइंट असावे, कोणी म्हणाले सी म्हणजे नक्कीच कन्स्ट्रक्शन. दोन्ही चूक. जेसीबी हे एका माणसाचे नाव आहे. जोसेफ सिरिल बॅमफर्ड.

या अंकात त्यांच्याबद्दल लिहायचे आम्ही तेव्हाच ठरवले. आणखी एक कारण आहे. आपल्यातलेच एक काका, आठवडाभर बँकेच्या कॉम्प्युटरशी झुंजणारे, गेली तीन वर्षे शनिवार-रविवार आपल्या गॅरेजमध्ये वेल्डिंग करून स्वतःचा छोटा बॅकहो बनवत आहेत. छंद म्हणून! त्यांच्याबद्दल आपण गणपतीच्या कार्यक्रमात बरीच थट्टा केली. जोसेफ बॅमफर्ड यांचे चरित्र वाचल्यावर आमची थट्टा जरा कमी झाली आहे.

जोसेफ यांचा जन्म २१ जून १९१६ रोजी युटॉक्सेटर या स्टॅफर्डशायरमधल्या छोट्या गावी झाला. घराणे लोखंडाचे. एकोणिसाव्या शतकापासून बॅमफर्ड मंडळींचा तिथे कारखाना होता. गवत कापायची यंत्रे, कडबा कापायची यंत्रे, लहान इंजिने अशी शेतीची अवजारे तिथे बनत आणि दूरदेशी जात. गावातल्या अनेकांची रोजीरोटी त्या कारखान्यावर. आपल्याकडे किर्लोस्करवाडी म्हटले की जसे चित्र डोळ्यांपुढे येते, साधारण तसेच, फक्त माळरानाऐवजी हिरवी कुरणे.

कुटुंब कॅथलिक, म्हणून मुलाला लँकेशायरमधल्या स्टोनीहर्स्ट या जेझुइट शाळेत घातले. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल याच शाळेचे. शाळा संपल्यावर जोसेफ घरच्या कारखान्यात न जाता कॉव्हेंट्रीच्या आल्फ्रेड हर्बर्ट कंपनीत गेले. ती त्या काळी ब्रिटनमधली मशीन टूल्सची सर्वांत मोठी कंपनी. तिथून कंपनीचे प्रतिनिधी म्हणून त्यांना आफ्रिकेत गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानाला, पाठवले गेले. विशीतला पोरगा परमुलखात मशिनी विकतो आहे, हे चित्र आपल्या ओळखीचे वाटते की नाही?

१९३८ मध्ये ते घरच्या धंद्यात परत आले. मग महायुद्ध. १९४१ साली मार्जोरी ग्रिफिन यांच्याशी लग्न झाले आणि त्याच वर्षी हवाई दलात बोलावणे आले. विमान चालवायला नाही, तर रसद आणि पुरवठ्याच्या कामाला. त्यासाठी पुन्हा गोल्ड कोस्ट. पश्चिम आफ्रिकेतून मध्यपूर्वेकडे जाणाऱ्या विमानांची तिथे सोय पाहायची होती. १९४४ मध्ये परतल्यावर स्टॅफर्डला इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीत ते विजेच्या वेल्डिंगच्या यंत्रांवर काम करू लागले. हे काम फार दिवसांचे नव्हते, पण पुढचे सगळे आयुष्य त्यावर उभे राहिले. लोखंडाला लोखंड जोडायची कला हाताला लागली ती इथे.

युद्ध संपत आले तसे ते पुन्हा घरच्या कारखान्यात गेले. आणि इथे गोष्टीत वळण येते. काकांचे आणि पुतण्याचे जमेना. हा मुलगा पुढे काही करील असे काकांना वाटत नव्हते, आणि त्यांनी त्याला मोकळे केले. मोकळे केले म्हणजे काय, सरळ काढून टाकले! वय एकोणतीस, बायको गरोदर, गाव लहान, आणि गावातल्या प्रत्येक दुसऱ्या घरात आडनावाचा कारखाना माहीत असलेली माणसे. आपल्याकडे एकत्र कुटुंबाच्या धंद्यातून बाहेर पडलेल्या मुलाकडे गाव कसे बघते, हे आमच्यातल्या काहींना चांगले माहीत आहे. काका चुकले असे आता म्हणणे सोपे आहे. त्या दिवशी ते चुकले आहेत हे कोणाला सांगता आले असते?

जोसेफ यांनी युटॉक्सेटरमध्येच एक गॅरेज भाड्याने घेतले. एक मोटार ठेवून बाजूने अंग चोरून फिरता येईल, एवढेच. इंग्लिश इलेक्ट्रिककडून किरकोळ किमतीत एक सेकंडहँड वेल्डिंग सेट घेतला. भांडवल ते एवढेच. त्या वेळी ब्रिटनमध्ये नवे लोखंड मिळणे मुश्कील होते, स्टीलवर सरकारी नियंत्रण. पण युद्धाचे भंगार भरपूर. बॉम्बहल्ल्यापासून वाचण्यासाठी जे निवारे बांधले होते, त्यांचे पत्रे आता कोणाला नको होते. जोसेफ यांनी ते पत्रे आणले, लष्करी गाड्यांचे आस आणि चाके मिळवली, आणि ट्रॅक्टरमागे लावायची एक ट्रॉली बनवली. साधी नव्हे, तर स्क्रू फिरवला की मागे कलून माल ओतणारी.

२३ ऑक्टोबर १९४५ हा दिवस. त्यांचा पहिला मुलगा अँथनी त्याच दिवशी जन्मला आणि ती पहिली ट्रॉलीही त्याच दिवशी बाजारात विकली गेली. किंमत मिळाली ४५ पौंड आणि शेतकऱ्याची जुनी गाडी. जोसेफ यांनी ती जुनी गाडी डागडुजी करून विकली, म्हणजे त्या ट्रॉलीचे दोनदा पैसे झाले. आणि लगेच दुसरी ट्रॉली करायला घेतली. ती पहिली ट्रॉली आणि तो वेल्डिंग सेट कंपनीने अजून जपून ठेवला आहे.

इथे थोडे थांबून वेल्डिंगबद्दल सांगायला हवे, कारण आमच्यातल्या बऱ्याच जणांना ते म्हणजे निळा प्रकाश आणि ठिणग्या एवढेच माहीत. काकांच्या गॅरेजमध्ये आम्ही दोन रविवार उभे राहिलो तेव्हा थोडे कळले. दोन लोखंडी पट्ट्या वरवर चिकटलेल्या दिसणे वेगळे आणि आतपर्यंत वितळून एक होणे वेगळे. वरून सुबक दिसणारा सांधा आत पोकळ असू शकतो, आणि भार आला की तोच पहिला तडकतो. शिवाय गरम झालेले लोखंड थंड होताना आकसते आणि सगळा सांगाडा वाकडा होतो. म्हणून आधी ठिकठिकाणी फक्त टाके घालायचे, काटकोन तपासायचा, मग एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असे थोडे थोडे जोडत जायचे. काकांची पहिली भुजा केळ्यासारखी वाकली होती. ती अजून बागेत पडून आहे, काकू तिच्यावर कारल्याचा वेल चढवतात.

परत जोसेफ यांच्याकडे. गॅरेजनंतर त्यांनी १९४७ मध्ये जवळच्या क्रेकमार्श हॉल नावाच्या जुन्या हवेलीच्या तबेल्यात मुक्काम हलवला. ही हवेली टायटॅनिकवर बुडालेल्या टायरेल कॅव्हेंडिश यांची. त्यांच्या पत्नी मात्र त्या बोटीतून वाचल्या होत्या. १९४८ मध्ये हाताखाली सहा माणसे होती आणि स्क्रूच्या जागी तेलाच्या दाबाने उचलली जाणारी हायड्रॉलिक ट्रॉली तयार झाली. युरोपमधली ती पहिली म्हणतात. मग फोर्डसन मेजर ट्रॅक्टरच्या पुढे लावायचा भरणीचा पंजा, ज्याला इथे लोडर म्हणतात, तो आला. १९५० मध्ये सगळा बाडबिस्तरा रोसेस्टर गावातल्या एका बंद पडलेल्या चीजच्या कारखान्यात गेला. माणसे तेव्हाही सहाच. (स्पेलिंग रोसेस्टर, पण गावकरी रोस्टर म्हणतात. आमच्या बसवाल्याने आम्हाला हे तीनदा समजावले.) पुढच्या वर्षी यंत्रांना पिवळा रंग द्यायला सुरुवात झाली.

१९५३ साली जोसेफ ट्रॉल्या विकण्यासाठी नॉर्वेला गेले असताना तिथे त्यांनी ट्रॅक्टरच्या मागे लावलेले एक हलके खोदकामाचे यंत्र पाहिले. ते त्यांनी विकत घेऊन घरी आणले, खोलून पाहिले आणि त्याहून चांगले बनवायला बसले. त्यातून त्यांचा पहिला खोदकामाचा हात तयार झाला. तो फोर्डसनच्या मागच्या बाजूला लावला, पुढे त्यांचा स्वतःचा लोडर होताच. पुढे भरायचे, मागे खणायचे. एक माणूस, एक ट्रॅक्टर, दोन कामे. आज जगभर जेसीबी म्हणून जे ओळखले जाते ते हेच रूप.

जेसीबी हे तीन अक्षरी नावही त्याच वर्षी यंत्रावर आले. बॅमफर्ड हे आडनाव काकांच्या कारखान्याच्या यंत्रांवर आधीपासून होते, शेतकऱ्यांच्या तोंडी होते. घराण्याचे नाव यंत्रावर मिरवायचे म्हटले तर लोक दुसऱ्याचेच समजणार. राहिली ती आद्याक्षरे. ज्या घराने बाहेर काढले त्या घराचे नाव न वापरता केलेली ही तीन अक्षरे पुढे इंग्रजी शब्दकोशात गेली. इंग्लंडमध्ये कुठल्याही कंपनीचे पिवळे खोदयंत्र दिसले तरी लोक जेसीबी म्हणतात, जसे आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो. आणि महाराष्ट्रात त्याच्या जोडीला पोकलेन आहेच. ते नावही फ्रान्समधल्या एका कंपनीचे, पण त्याची गोष्ट पुन्हा कधीतरी.

बॅकहो हा शब्द मात्र समजून घेण्यासारखा आहे. आम्हाला वाटायचे की ट्रॅक्टरच्या मागे असतो म्हणून बॅक. तसे नाही. हो म्हणजे आपल्या फावड्यासारखे अवजार. आपला शेतकरी फावडे पुढे टाकतो आणि माती स्वतःकडे ओढतो, तसेच हे यंत्र माती स्वतःकडे, मागे ओढते. इंग्रजांचे हातातले शॉवेल असते ते पुढे ढकलायचे. म्हणजे आजोबांना जेसीबी आपला वाटला त्यात थोडे तथ्य होतेच. माणसाच्या हाताशी ताडून पाहा: खांद्यापासून कोपरापर्यंतचा भाग म्हणजे बूम, कोपरापासून मनगटापर्यंतचा म्हणजे डिपर, आणि पंजा म्हणजे बकेट. प्रत्येक सांध्याला एक हायड्रॉलिक सिलिंडर, म्हणजे स्नायू. खणताना ट्रॅक्टर उचलला जाऊ नये, कलंडू नये, म्हणून मागे दोन पाय जमिनीला टेकतात.

आता त्या स्नायूंची ताकद पाहा. तीन इंच व्यासाचा सिलिंडर घेतला तर आतल्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस इंच. प्रत्येक चौरस इंचावर २००० पौंडांचा दाब दिला तर ढकलणारे बळ १४,००० पौंड, म्हणजे सहा टनांहून जास्त. मनगटाएवढ्या नळकांड्यातून सहा टन! शाळेत पास्कलचा नियम घोकला होता तो हाच. काका म्हणूनच एक गोष्ट आम्हाला परत परत बजावत होते, आणि ती इथे लिहून ठेवतो: चालू हायड्रॉलिक नळीला सुईएवढे भोक पडले असेल तर गळती कुठे आहे ते हाताने चाचपून कधीही पाहायचे नाही. दाबाखालचे तेल कातडी भेदून आत शिरते आणि बोट किंवा हात गमवायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहायचे. आणि उचललेल्या भुजेखाली उभे राहायचे नाही, खाली आधार लावल्याशिवाय तर नाहीच.

अमेरिकेतल्या आमच्या वाचकांची तक्रार येण्याआधी एक कबुली. बॅकहोचा शोध जोसेफ बॅमफर्ड यांनी लावला असे इथले लोक अभिमानाने सांगतात, ते बरोबर नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या हबर्डस्टन गावच्या वायनो होलोपायनेन आणि रॉय हँडी या दोघांनी १९४७ मध्ये हायड्रॉलिक बॅकहोच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, आणि १९४८ च्या एप्रिलमध्ये त्यांचा पहिला बॅकहो फोर्ड ट्रॅक्टरवर बसवून कनेक्टिकटच्या एका वीज कंपनीला ७०५ डॉलरला विकला गेला. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या केस कंपनीने पुढचा लोडर, मागचा बॅकहो आणि ट्रॅक्टर असे सगळे एकाच कारखान्यात बांधून विकायला काढले. जोसेफ यांचे यश पहिला असण्यात नव्हते. पाहिलेली वस्तू ते तशीच ठेवत नसत, सतत काहीतरी दुरुस्त करत असत, आणि स्वतःच्या कामावर ते कधीच समाधानी नव्हते, असे त्यांच्याबरोबर काम केलेली माणसे सांगत. शिवाय वेळही साधली. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये घरे बांधायची होती, गटारे आणि पाण्याचे नळ टाकायचे होते, आणि चर खणायला माणसे अपुरी होती.

१९५७ मध्ये हायड्रा-डिगा आला, १९६३ मध्ये थ्री-सी. या थ्री-सीने कंपनीला खरे वर काढले. १९६४ पर्यंत तीन हजारांहून अधिक विकले गेले. त्यांच्या यंत्रात एक गंमत असे. इंग्रज मजुराला चहाशिवाय काम होत नाही हे जोसेफ यांना पक्के ठाऊक, म्हणून केबिनमध्ये विजेच्या किटलीची सोय! आमच्या मते ही साधी युक्ती नाही. यंत्र विकत घेणारा मालक असतो, पण दिवसभर त्यात बसणारा ड्रायव्हर असतो, आणि पुढचे यंत्र कुठले घ्यायचे ते पुष्कळदा तोच मालकाला सांगतो. थंडीपावसात उघड्यावर बसून खणणाऱ्या माणसाला बंद केबिन आणि गरम चहा देणारा मालक तेव्हा विरळा होता. त्यांच्या गाडीचा नंबर होता जेसीबी १. जत्रांतून आणि प्रदर्शनांतून त्यांची यंत्रे भुजांवर उभी राहून नाच करत. डान्सिंग डिगर्स म्हणून तो खेळ अजूनही होतो, यू-ट्यूबवर मुलांना जरूर दाखवा.

कर्ज काढून धंदा वाढवणे त्यांना पसंत नव्हते. कमावलेला पैसा परत धंद्यात घालायचा, बँकेच्या दारात उभे राहायचे नाही, शेअर बाजारात कंपनी न्यायची नाही. कंपनी आजही घरच्याच मालकीची आहे. साठीच्या दशकात नफा चांगला झाला तेव्हा शेतगाडीवर उभे राहून त्यांनी स्वतः कामगारांना बोनस वाटला, एकूण अडीच लाख पौंड. कामगार आणि मालक यांच्या भांडणांनी ब्रिटनचे कारखाने गाजत होते त्या काळातली ही गोष्ट. १९६९ मध्ये त्यांना सीबीई हा किताब मिळाला. बागेची आणि झाडांची आवड होती, रोसेस्टरच्या कारखान्याभोवती तळी खणून घेतली. आमची मुले ज्या बदकांवर खूश झाली ती बदके त्या तळ्यांतलीच. खोदयंत्रांचे कारखानदार, तळी स्वतःच्याच यंत्रांनी खणली असणार, दुसरे काय!

त्यांच्या आयुष्यातला एक भाग आम्हाला मात्र खटकतो आणि तो झाकून ठेवावा असे वाटत नाही. १९७५ मध्ये ते निवृत्त झाले, कारभार अँथनीकडे सोपवला आणि स्वित्झर्लंडला राहायला गेले. तेव्हा ब्रिटनमध्ये मोठ्या मिळकतीवर ८३ टक्के प्राप्तिकर होता, आणि गुंतवणुकीच्या उत्पन्नावर तर ९८ टक्क्यांपर्यंत. तो वाचवण्यासाठी बरेच श्रीमंत देश सोडून गेले, त्यांतलेच हे एक. ज्या गावातल्या भंगारातून सुरुवात केली, ज्या गावाने कामाला माणसे दिली, ते कराच्या हिशेबापायी सोडायचे? आमच्यात यावर दोन तट पडले. काहींचे म्हणणे की शंभरातले अठ्ठ्याण्णव कोण देईल? आणि मग कोणीतरी हळूच आठवण करून दिली की आपण सगळे इथे आलो ते काही हवापालटासाठी नाही. त्यावर चर्चा आवरती घेतली आणि चहा ठेवला.

स्वित्झर्लंडमध्येही ते स्वस्थ बसले नाहीत, बोटींचे आराखडे काढत बसायचे. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या यंत्र उत्पादकांच्या संघटनेने त्यांना आपल्या सन्मानितांच्या यादीत घेतले, हा मान मिळालेले ते पहिले ब्रिटिश. १ मार्च २००१ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वय ८४.

काकांच्या कारखान्याचे काय झाले? तो ऐंशीच्या दशकात बंद पडला. ज्याला नालायक ठरवून काढले त्याचा कारखाना काही मैलांवर वाढत होता आणि घराण्याचा मूळ कारखाना मिटला. हे वाचून आम्हाला आनंद झाला नाही, खरे सांगायचे तर वाईटच वाटले. त्या भट्ट्यांपुढेही कितीतरी पिढ्या राबल्या होत्या.

भारताचा धागा राहिला. १९७९ मध्ये एस्कॉर्ट्स कंपनीबरोबर हरियाणातल्या बल्लभगडला जेसीबी बनू लागले. २००३ मध्ये भारतातला धंदा पूर्णपणे बॅमफर्ड यांच्या कंपनीकडे आला आणि नंतर पुण्याजवळ तळेगावला कारखाना निघाला. तळेगाव म्हटल्यावर बसमधल्या निम्म्या मंडळींचे चेहरे उजळले. एकाचा मेहुणा तिथेच कामाला निघाला. २०१९ मध्ये जेसीबीची खुदाई बघायला भारतात गर्दी जमते यावर इंटरनेटवर विनोदांचा पाऊस पडला होता, तो आठवत असेलच. पण त्याच यंत्रांनी दुष्काळी भागात तलावांतला गाळ काढला, शेततळी खणली. आजोबांच्या गावचा पाझर तलाव असाच मोकळा झाला. त्यांच्या लहानपणी हेच काम रोजगार हमीवर गावातली माणसे कुदळ-फावडे-पाट्या घेऊन महिनोन्महिने करायची. यंत्राने काम चार दिवसांत होते, पण ती मजुरी गेली, हेही त्यांनीच सांगितले. आम्ही फक्त ऐकून घेतले.

रोसेस्टरजवळ लोखंडाचे एक प्रचंड शिल्प आहे, फॉसर नावाचे. खोदयंत्रांच्याच भुजा आणि पंजे जोडून वालेंटी पायटेल या शिल्पकाराने १९७९ मध्ये ते उभे केले. लॅटिनमध्ये फॉसर म्हणजे खणणारा. पुढच्या वेळी ऑल्टन टॉवर्सला गेलात तर पाच मिनिटे थांबून पाहा, पार्किंगचा त्रास नाही.

आता आपल्या काकांची खबरबात. भुजा दुसऱ्यांदा बनवली, ती सरळ आहे. सिलिंडर भंगारातल्या यंत्रांचे मिळाले. एकाचे सील गळत होते, ते बदलले. सांध्यांच्या खिळी आणि बुशिंगमध्ये थोडी ढिलाई होती, तीही काढली. गेल्या महिन्यात बागेत पहिला खड्डा खणला, साधारण दोन फूट खोल. दुसऱ्या खड्ड्याला पाय ओल्या जमिनीत रुतला आणि सगळे धूड एका बाजूला कलले. कोणाला काही झाले नाही, पण काकूंची दोरीवर वाळत घातलेली चादर मातीत गेली. काकांनी पायाखाली रुंद पट्ट्या वेल्ड करायला घेतल्या आहेत, त्या झाल्या की मार्चमधल्या एखाद्या रविवारी सगळ्यांना बघायला बोलावणार आहेत. मुलांना जरूर घेऊन या, बूट जाड घाला, आणि कोणीही लिव्हरला हात लावायचा नाही. वडे काकू करणार आहेत, चटणी आपापली आणावी.